मावळातील हाका

हरणाची शिकार हा राजेरजवाड्यांचाच षोक, अशी आपली समजूत असते. मावळात ती गावाची असे. गावकरी ढोल बडवीत रान उठवीत, खिंडीत दबा धरून बसलेला बंदूकवाला सांबर अगर भेकर टिपी, आणि मांसाचे वाटे घरोघर जात. 1863 साली बोरघाटातून आगगाडी धावू लागली व मुंबईचे साहेब लोणावळे-खंडाळ्यास येणे सोपे झाले. 1878 च्या हत्यारांच्या कायद्याने बंदुकीस परवाना लागला. हाका गावकऱ्यांनीच घालावयाचा. शिंगे मात्र बंगल्याच्या भिंतीवर! पुढे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस आळा घातला, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याचीही शिकार बंद केली. हे योग्यच झाले, असे म्हणणे आम्हांस सोपे आहे. आमच्या ताटातला वाटा त्यात गेलेला नाही.