भंडारदऱ्याचें तळें

“बाबा, रतनगडावरचे मावळे पहाऱ्यावर उभे राहून हेंच तळें पाहत असतील, नाहीं?”

घाटघरच्या वाटेवरील एका वळणावर माझ्या मुलीनें हा प्रश्न केला, तेव्हां पंचवीसांहून अधिक वर्षें इतिहास शिकविण्यांत घालविलेला मी ‘हो’ म्हणण्याच्या अगदीं बेतांत होतों. दोष सर्वस्वीं माझा नव्हे. भाद्रपद संपत आला होता. पाऊस ओसरून डोंगर नुकते धुऊन काढल्यासारखे दिसत होते. खालीं दूरवर वळत गेलेलें निळसर करडें पाणी, त्यापलीकडे रतनगड, दुसऱ्या अंगास अलंग, मदन व कुलंग यांची रांग, आणि कळसूबाईचा माथा ढगांत बुडालेला. धरणाची भिंत डोंगराआड राहिल्यामुळें येथें मनुष्याचा हात लागला असेल अशी शंकाहि येऊं नये. नाशिकाहून घोटीमार्गें सकाळीं निघून येथें येणारे आपण सर्वजण ‘निसर्ग पाहून आलों’ असेंच घरीं सांगतों. कित्येक तर यास राष्ट्रीय उद्यान म्हणतात. सरकारदप्तरीं हें १९८६ सालीं जाहीर झालेलें कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्य होय.

परंतु मावळ्यांनीं हें तळें पाहिलें नाहीं. पेशवाईंतील शेवटच्या किल्लेदारानेंहि तें पाहिलें नाहीं. १९०८ सालीं टिळकांना मंडालेस नेलें, तेव्हांहि येथें प्रवरा नदी, तिच्या कांठचीं भाताचीं खाचरें आणि डोंगरकोळ्यांच्या वाड्या एवढेंच होतें. मुलीला मीं हें सांगितलें, तेव्हां तिला थोडें वाईट वाटलें. मलाहि वाटलें, पण निराळ्या कारणानें.

या तळ्याचा इतिहास दुष्काळापासून सुरू होतो. १८९६–९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोंच १८९९–१९०० चा दुष्काळ दख्खनवर कोसळला. त्यानंतर, १९०१ सालीं, सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें पाटबंधाऱ्यांविषयीं एक कमिशन नेमलें. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पाणी अडवून पूर्वेकडील कोरड्या मुलुखास न्यावें, ही कल्पना त्यानंतर जोमानें पुढें आली. प्रवरेचें उदाहरण तर नमुनेदारच. रतनगडाच्या कुशींत ही नदी उगम पावते. शेजारच्या घाटघरास वर्षाकाठीं दोनशे इंचांच्या आसपास पाऊस पडतो. तीच नदी शंभर मैल खालीं नेवाशाकडे जाते, तेथें वीस-पंचवीस इंच पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. वरचें पाणी चार महिन्यांत वाहून जावें आणि खालच्या माणसानें आठ महिने आभाळाकडे पाहावें, हा कारभार कोणाहि इंजिनिअरास डिवचणाराच होता.

१९१० सालीं शेंडी गांवाजवळ धरणाचें काम सुरू झालें. मध्यें पहिलें महायुद्ध येऊन गेलें. १० डिसेंबर १९२६ रोजीं मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनीं धरणाचें उद्घाटन केलें. भिंतीस त्यांचें नांव मिळालें आणि पाण्यास आर्थर हिल या इंजिनिअराचें. पायापासून सुमारें २७० फूट उंचीचें हें दगडी काम त्या काळीं हिंदुस्थानांतील सर्वांत उंच धरणांत गणलें जाई. पोटांत सुमारें अकरा अब्ज घनफूट पाणी. १९६९ सालीं भिंतीस तडे गेले, तेव्हां पुढें पाठीमागून टेकू देऊन ती सावरावी लागली. एरवीं तिनें आपलें काम चोख केलें आहे. तिच्या कर्त्यांना नांवें ठेवण्याची माझी इच्छा नाहीं. दुष्काळ खरा होता, आणि पाणीहि खरोखरच पोंचलें. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या दोन कालव्यांनीं संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर, नेवासें या बाजूंचें रूप पालटलें. ऊंस आला, हरेगांवास साखर कारखाना आला, आणि पुढें १९५० सालीं विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीनें लोणीस शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला. ही कथा आपण मुलांना अभिमानानें शिकवितों, आणि शिकवावीच.

मात्र या जमाखर्चांत जमेची बाजू पहिल्यापासून छापील आहे. खर्चाची तशी नाहीं. पाण्याखालीं गेली ती जमीन मुख्यतः महादेव कोळ्यांची. हे लोक कांहीं इतिहासाला अनोळखी नव्हेत. डोंगरी किल्ल्यांच्या शिबंदींत त्यांच्या पिढ्या गेल्या. १८१८ नंतर किल्ले मोडले, चाकऱ्या गेल्या, आणि पोटासाठीं सावकाराचें दार धरावें लागलें. पहिल्या बंडाळ्यांत रामजी भांगरे होता. १८४४ च्या सुमारास त्याचा मुलगा राघोजी उठला. राघोजी याच अकोलें तालुक्यांतील देवगांवचा. पंढरपुरास तो पकडला गेला आणि २ मे १८४८ रोजीं ठाण्यास फांशीं गेला. या जमातीचें जुनें विस्तृत वर्णन हवें असेल तर तें कॅप्टन मॅकिंटॉश याच्या १८३७ च्या प्रबंधांत मिळतें. हा गृहस्थ कोळ्यांच्या बंडाचा बीमोड करण्यास नेमलेल्या तुकडीचा अधिकारी होता! ज्यानें पाठलाग करावा त्यानेंच चरित्र लिहावें, अशी या लोकांची गत. आतां या जलाशयाशीं राघोजीचें नांव जोडलें जातें, हें योग्यच झालें. पण राघोजीनंतर सुमारें साठ वर्षांनीं ज्यांचीं खाचरें मोजलीं गेलीं, त्यांचीं नांवें कोणत्या पुस्तकांत शोधावीं?

मुळशीचा सत्याग्रह आपणांस पाठ आहे. १९२१ सालीं तेथें शेतकरी धरणाच्या कामावर जाऊन बसले, सेनापति बापट पुढें झाले, पुण्याच्या वृत्तपत्रांनीं बाजू घेतली. त्याच वर्षीं भंडारदऱ्याचें काम चालू होतें. मुळशी पुण्यापासून हांकेच्या अंतरावर होती, आणि तेथील धरण एका कंपनीचें, वीज मुंबईच्या गिरण्यांची; भंडारदरा दूर, आणि येथलें पाणी दुष्काळग्रस्तांसाठीं. असा भेद करतां येईल, व तो अगदींच पोकळ नाहीं. तथापि बुडणाऱ्या खाचरास हा भेद कितपत समजत असेल, हा प्रश्न मला हल्लीं वर्गांत उभा राहिलों कीं सतावतो. प्रवरेचें खालचें टोंक आपल्या वाङ्मयांत अमर आहे. शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरीची पूर्तता झाली ती तिच्याच कांठीं, नेवाशास. वरच्या टोंकाविषयीं आपल्या कपाटांत फार तर एखादें प्रवासवर्णन असतें.

असो. दुपारीं आम्ही रतनवाडीस अमृतेश्वराच्या देवळांत गेलों. हेमाडपंती धाटणीचें हें सुंदर मंदिर जलाशयाच्या वरच्या टोंकाशीं, थोडक्यांत वांचल्यासारखें उभें आहे. जवळच कोनाड्यांची कोरीव पुष्करिणी. ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मुलीनें त्यांना विचारलें, “आजोबा, तुमचं शेत कुठं आहे?”

“हाय की वर, डोंगराच्या पोटाला,” ते म्हणाले. “आज्याचं व्हतं तिथं.” आणि त्यांनीं हात केला तो सरळ पाण्याकडे. “वैशाखांत पानी खाली गेलं म्हंजी बांध दिसत्यात. माझ्या बापानं दावलं व्हतं मला, ह्यो आपला, ह्यो चुलत्याचा.”

“अजून ओळखतां तुम्ही?”

“वळखतो की. पोरांना दावतो. पर पोरं म्हनत्यात, दगडंच हायती नुसते.”

मुलगी बराच वेळ त्या बाजूस पाहत राहिली. वैशाखांत पुन्हां येऊं, असें तिनें त्यांना सांगितलें, ते म्हणाले, “या, पर लवकर या, पावसाच्या आंत.”