तूर्मालेचा घाट, १९१०

१/ फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतातील तूर्माले घाट आज हौशी सायकलस्वारांना निसर्गसौंदर्यासाठी खुणावतो. २१ जुलै १९१० रोजी मात्र तेथे सौंदर्य पाहण्याचे त्राण कोणात उरले नव्हते.

२/ 'टूर द फ्रान्स' शर्यतीत २,११५ मीटर उंचीचा हा घाट त्या दिवशी प्रथमच आला. लुशों ते बायोन टप्पा ३२६ किलोमीटरांचा. रस्ते कच्चे, सायकली जड. ऑक्ताव्ह लापीझला चढणीवर सायकल ढकलत चालावे लागले.

३/ त्याच टप्प्यात त्याने आयोजकांना संतापाने 'खुनी' म्हटले. तरीही तो टप्पा आणि पुढे संपूर्ण शर्यत त्यानेच जिंकली.

४/ आयोजकांनी पर्वत वगळले नाहीत; १९११ मध्ये आल्प्समधील आणखी उंच गॅलिबिए घाट जोडला. ज्या यातनेचा निषेध झाला, तीच शर्यतीची ख्याती ठरली.