वान चायची जुनी टपालकचेरी

इतिहास म्हटला कीं राजवाडे, किल्ले आणि देवालयें डोळ्यांपुढें उभीं राहतात. ज्या खिडकीपाशीं सामान्य माणूस टपालाचें तिकीट विकत घेतो, तिलाही इतिहासांत स्थान असावें, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तथापि एखाद्या शहराचें नित्याचें जीवन जाणावयाचें असेल, तर अशा खिडकीपाशीं घटकाभर थांबावेंच लागतें. हाँगकाँग बेटावरील वान चाय भागांतील जुनी टपालकचेरी हें याचें उत्तम उदाहरण होय.

१८४१ मध्यें हें बेट इंग्रजांच्या हातीं आलें व त्याच वर्षीं तेथें टपालाची व्यवस्था सुरू झाली. १८६२ च्या डिसेंबरांत व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेलीं हाँगकाँगचीं स्वतःचीं तिकिटें निघालीं. मुख्य कचेरी अर्थातच व्यापारी पेढ्यांच्या शेजारीं होती. तिच्या पूर्वेस वान चायची वस्ती वाढत चालली होती. या नांवाचा अर्थ छोटा उपसागर असा आहे. तेथून मुख्य कचेरीपर्यंतचें अंतर नकाशावर थोडेंच दिसतें. पण दिवसभर राबणाऱ्या माणसाला एका पत्रासाठीं तेवढी पायपीटही जड जाते. उपनगरांतील टपालकचेरीचें महत्त्व येथेंच आहे. ती सरकारला रयतेच्या दाराशीं आणते.

क्वीन्स रोड ईस्ट या रस्त्यावर ही इमारत १९१२-१३ मध्यें बांधली गेली आणि १ मार्च १९१५ रोजीं तेथें टपालाचें काम सुरू झालें. योगायोग असा कीं, जॉन बेग यांच्या आराखड्याप्रमाणें मुंबईत उभी राहिलेली मोठी टपालकचेरी पूर्ण झाली तीही १९१३ मध्येंच. पण दोहोंत केवढें अंतर! मुंबईच्या इमारतीवर भव्य घुमट. येथें काटकोनांत वळलेली साधी बैठी वास्तु आणि तिच्या उतरत्या छपरावर चिनी कौलें. टपालाचे कायदे इंग्रजांचे, पण डोक्यावरील कौलें मात्र त्याच भूमीचीं, असा हा मेळ होता.

या कचेरीनें पुढें बरेंच पाहिलें. ती उभी राहिली तेव्हां समुद्र तेथून फार दूर नव्हता. १९२१ नंतर भराव घालून नवी जमीन करण्यांत आली व किनारा उत्तरेकडे सरकला. १९४१ च्या नाताळांत हाँगकाँग जपान्यांच्या ताब्यांत गेलें, तें १९४५ पर्यंत त्यांच्याकडे राहिलें. त्यानंतर सभोंवार उंच इमारती उठल्या. १९९२ मध्यें येथील टपालाचें काम बंद झालें. तोंवर ही बैठी इमारत आपल्या जागीं टिकून होती.

तिची थोरली बहीण मात्र इतकी सुदैवी ठरली नाहीं. पेडर रस्त्यावरील मुख्य टपालकचेरी १९११ मध्यें सुरू झाली होती. शहराच्या मध्यभागीं, मोक्याच्या जागेवर ती होती. भुयारी रेल्वेच्या कामासाठीं ती जागा हवी झाली आणि १९७६ मध्यें ती मोठी इमारत जमीनदोस्त करण्यांत आली. प्राचीन वास्तूंच्या रक्षणाचा तेथील कायदा १९७१ मध्यें मंजूर होऊन १९७६ मध्येंच अमलांत आला, हा दैवदुर्विलास म्हणावयाचा. वान चायची लहान कचेरी १९९० मध्यें संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाली. पाडलेल्या थोरल्या वास्तूनंतर हाँगकाँगमधील टपालकचेऱ्यांच्या इमारतींत हीच सर्वांत जुनी उरली.

यांत ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट एक आहे. संरक्षण १९९० मध्यें मिळालें, काम बंद झालें तें १९९२ मध्यें. म्हणजे खिडकीवर माणसें येत-जात होतीं तेव्हांच तिची किंमत ओळखली गेली. पुढच्याच वर्षीं, १९९३ मध्यें, तेथें पर्यावरणाची माहिती देणारें केंद्र उघडण्यांत आलें आणि इमारतीचें दार पुन्हां लोकांना खुलें झालें. रिकामी वास्तु पावसापाण्यानें आणि विस्मृतीनें झिजते. वापरांतल्या वास्तूची कोणीतरी काळजी घेतच असतो.

परकीय सत्तेच्या खुणा जपाव्या कशाला, असा प्रश्न विचारला जातो, आणि तो गैर नाहीं. १९९७ मध्यें हाँगकाँग चीनकडे गेल्यावर तेथील तांबड्या टपालपेट्या हिरव्या झाल्या. पण जुन्या लोखंडी पेट्यांवरील राजमुद्रा तशाच राहिल्या. २०१५ मध्यें त्या झांकण्याचा विचार निघाला, तेव्हां नागरिकांतूनच हरकती आल्या. त्यांना राजाचें प्रेम होतें असें मानण्याचें कारण नाहीं. त्या पेट्यांत पत्रें टाकणारे हात त्यांच्या वाडवडिलांचे होते.

आपल्याकडेही अनेक पेठांतून व गांवांतून अशा बैठ्या टपालकचेऱ्या आहेत. त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत तोंवरच त्यांची नोंद व्हावी, हें बरें.