कलकत्त्याचा बांबू आणि पंचवीस नाणी

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात लेकीकडे अमेरिकेत होतो, न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला. जावई आणि लेक दोघं कामावर, नातू शाळेत. मग माझ्यासारख्या रिकामटेकड्या मास्तराने करायचं काय? शेजारी एक आजोबा राहत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. त्यांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं की मी तिकडे जाऊन बसे.

एक दिवस त्यांनी कापडी पिशवीतून एक काठी काढली. मधाच्या रंगाची, आठ फूट लांब, टोकाला गवताच्या काडीइतकी बारीक. वडिलांची, १९३०च्या दशकातली. फ्लाय फिशिंगचा बांबूचा रॉड. माझं बालपण चिपळूणजवळचं. आम्ही वाशिष्ठीवर गरवायला जायचो ते कुंपणातली काठी तोडून. त्यामुळे मला वाटलं, बांबू तो बांबूच. पण ही काठी गोल नव्हती, षटकोनी होती!

आजोबांनी समजावून सांगितलं. बांबूचा खरा जोर त्याच्या सालीलगतच्या दाट तंतूंत असतो. म्हणून बांबू चिरून त्याच्या सहा त्रिकोणी पट्ट्या करायच्या, तासून वरपासून खालपर्यंत निमुळत्या करायच्या आणि साल बाहेर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या. आतला भुसभुशीत भाग निघून जातो आणि निव्वळ ताकद उरते. अमेरिकेत हे काम १८४०च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या सॅम्युएल फिलिप यांनी सुरू केलं. पुढे मेन राज्यातल्या बँगोरचे हायरम लिओनार्ड यांनी पट्ट्या कापण्याचं यंत्रच केलं. १८८१मध्ये ते आपला कारखाना घेऊन न्यूयॉर्क राज्यात आले. गंमत म्हणजे हे दोघेही मूळचे बंदुका घडवणारे कारागीर.

"आणि बांबू कुठला होता, माहीत आहे?" आजोबांनी विचारलं. "कलकत्ता केन. तुमच्या देशातला."

मी चौतीस वर्षं इतिहास शिकवला. कलकत्त्याहून ताग जाई, नीळ जाई, अफू जाई, चहा जाई, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! बांबूचं नाव एकदाही लिहिलं नव्हतं. हा बांबू म्हणजे आपल्याकडचा भरीव बांबू, मानवेल. ब्रिटिश घोडदळाच्या भाल्यांचे दांडेही त्याचेच असत. तो काही कलकत्ता शहरात उगवत नव्हता. रानात कोणीतरी तोडला, कोणीतरी वाहिला आणि कलकत्त्याच्या बंदरात जहाजावर चढला. नाव राहिलं ते बंदराचं. कालिकतवरून गेलेल्या कापडाचं 'कॅलिको' झालं तसंच हे.

मी मोठ्या आशेने त्या काठीवर हात फिरवला, तर आजोबा हसले. "हा नव्हे. हा टोंकिन."

झालं होतं असं की कलकत्त्याच्या बांबूची पेरं उंचवट्याची, वर किडीचे आणि भाजल्याचे डागही बरेच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत कारागीर हळूहळू चिनी बांबूकडे वळले. त्याला टोंकिन म्हणू लागले. टोंकिन तर व्हिएतनामच्या उत्तरेला आणि हा बांबू चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातला! म्हणजे इथेही नाव चुकलेलंच. १९३१मध्ये मॅक्ल्यूर या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं 'अमाबिलिस', म्हणजे लोभस. पुढे १९५०च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला, तो १९७१पर्यंत. बांबू मिळेना आणि तेवढ्यात फायबरग्लासचे रॉड आले. १९७०च्या दशकात ग्रॅफाइट आलं. बांबू मग हौशी लोकांपुरता उरला.

आता मुद्द्याचं. आजोबांच्या मनगटात संधिवात होता. वडिलांचं मूळ रीळ केव्हाच हरवलेलं. मुलाने नवं, फुलासारखं हलकं रीळ आणून दिलं होतं. ते लावून नदीवर गेले की पंधरा मिनिटांत मनगट ठणकू लागे. "आता संपलं माझं," ते म्हणाले, आणि पिशवीची नाडी बांधू लागले.

मी म्हटलं, रीळ हलकं असून हात का दुखावा? त्यांनी रॉड माझ्या हातात दिला. तो पुढच्या टोकाकडे ओढत होता. ते टोक वर धरून ठेवायचं काम मनगटालाच करावं लागत होतं. जुन्या रॉडला जुन्या काळचं जड रीळ हवं, हे माझ्याही लक्षात आलं. पण किती जड?

मग आम्ही दोन म्हाताऱ्यांनी प्रयोग केला. नवं रीळ काढलं. एका मोज्यात नाणी भरून तो रिळाच्या जागी बांधला. दोरीचा तीस फूट तुकडा टोकापर्यंत ओवून पुढे सोडला, कारण फेकताना तेवढी दोरी रिळावर नसते, बाहेर असते. या रॉडला लागणाऱ्या पाच नंबरच्या दोरीचा तेवढा तुकडा भरतो १४० ग्रेन, म्हणजे साधारण नऊ ग्रॅम. एवढंसं वजन, पण आठ फुटांवर! मुठीच्या वरच्या टोकाखाली बोट धरून एकेक नाणं वाढवत गेलो. पंचवीस क्वार्टर झाले तेव्हा काठी बोटावर आडवी राहिली. क्वार्टरचं वजन ५.६७ ग्रॅम, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम, पाच औंस.

मी विजयी मुद्रेने पाहिलं. आजोबा म्हणाले, "थांबा. वजन वाढलंच की." खरं होतं. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरल्या की कावड सरळ राहते, पण खांद्यावरचं ओझं कमी होत नाही. दर फेकीला अख्खी काठी हलवायची, ती रिळासकट. म्हणून नाणी काढत काढत आम्ही एकवीसवर थांबलो. काठी किंचित पुढे झुकलेली, पण ओढत नव्हती. तराजूवर काटा मधोमध आला म्हणजे हात सुखी झाला असं नाही, हे मला सत्तरीत कळलं.

तेवढ्या वजनाचं जुनं रीळ त्यांना एका दुकानात मिळालं. बाजूला भोकं असलेलं. रेशमी दोरी भिजे, तिला वारा लागावा म्हणून ती भोकं. १८७४मध्ये व्हरमाँटच्या चार्ल्स ऑर्विस यांनी अशा रिळाचं पेटंट घेतलं होतं.

ऑगस्टमध्ये लेकीने आम्हा दोघांना बॅटनकिल नदीवर नेलं. मी काठावर, आजोबा गुडघाभर पाण्यात. सव्वा तास त्यांची दोरी पाण्यावर जात-येत राहिली. मासा एकही लागला नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मनगट फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "वडील रीळ पुसून ठेवायचे." मग रुमाल काढला.

पुण्याला परतल्यावर बुरूड आळीतून जात होतो. उभ्या ठेवलेल्या बांबूंपैकी एक उचलला आणि बोटावर धरला. दुकानातली बाई बघतच राहिली. "काका, शिडी करायचीय का?"

"नाही," मी म्हटलं. "हा येतो कुठून?"

"वखारीतून."

"आणि वखारीत?"

तिने खांदे उडवले. बंदराचं नाव, वखारीचं नाव. ज्याने तोडला त्याचं नाव कोणत्याच पावतीवर नाही. माझ्या फळ्यावरही कधी नव्हतं. असो. आता नातू विचारेल तेव्हा ताग, नीळ, अफू आणि चहा यांच्यापुढे मी एक शब्द वाढवून सांगणार आहे.