महाबळेश्वरमधील ऐतिहासिक वास्तू
महाबळेश्वरमधील ऐतिहासिक वास्तू : सातारा जिल्ह्यातील या गिरिस्थानात प्राचीन क्षेत्र व ब्रिटिशकालीन माल्कम पेठ असे वास्तूंचे दोन समूह आढळतात. क्षेत्रातील कृष्णाबाईचे मंदिर काळ्या दगडाचे असून तेथे दगडी गोमुखातून पाण्याची धार कुंडात पडते. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात पेठ वसली. माउंट माल्कम (१८२९), होली क्रॉस चर्च (१८३१) व फ्रिअर हॉल (१८६४) या तेथील प्रमुख वास्तू होत. मोरारजी कॅसलमध्ये १९४५ साली महात्मा गांधींचा मुक्काम होता. जुन्या बंगल्यांत जांभा दगड, उतरती छपरे व रुंद व्हरांडे दिसतात. सच्छिद्र जांभा ओल धरतो. म्हणून पावसाळ्यापूर्वी भिंतींना गवताच्या झडी बांधत. या वास्तू जपायच्या, तर अशी वार्षिक निगा अत्यावश्यक आहे.