जटायूच्या वंशाचा घात

आमच्या नाशिक जिल्ह्यांत, इगतपुरी तालुक्यांत, टाकेद हें क्षेत्र आहे. रावणाशीं झुंजून जटायु तेथें पडला अशी श्रद्धा आहे. त्याच्या कुळांतील लांब चोचीचीं गिधाडें अंजनेरीच्या कड्यांवर अद्यापि घरटीं करितात. त्यांचीं भावंडें मात्र, म्हणजे पांढऱ्या पाठीचीं गिधाडें, १९९२ ते २००७ या काळांत भारतांतून शेंकडा ९९ हून अधिक नाहींशीं झालीं.

कांहींतरी सांथ असावी, असा पुष्कळांचा तर्क होता. डॉ. लिंडसे ओक्स या अमेरिकन पशुवैद्यांनीं पाकिस्तानांत मेलेलीं गिधाडें फाडून पाहिलीं. आंतील इंद्रियांवर खडूसारखा पांढरा लेप. तो युरिक आम्लाचा. म्हणजे मूत्रपिंडेंच बंद पडलेलीं! जंतु सांपडेना, कीटकनाशकहि सांपडेना. तेव्हां गुरांना कोणतीं औषधें देतात याची चौकशी झाली आणि डायक्लोफिनॅक हातीं लागलें. गुडघ्यांसाठीं मीहि ज्याच्या गोळ्या घेतल्या, तेंच हें! माणसाचें यकृत त्याचा कांहीं तासांत निकाल लावितें. गिधाडास तें साधत नाहीं. औषध दिलेलें गुरूं लौकरच मेलें व त्याचें मांस खाण्यांत आलें, कीं पक्षी दोनतीन दिवसांत मरतो.

२००४ सालीं हा शोध ‘नेचर’मध्यें प्रसिद्ध झाला. २००६ सालीं भारत सरकारनें गुरांसाठींचें उत्पादन बंद केलें; मेलॉक्सिकॅम हें औषध गिधाडांस बाधत नाहीं, हेंहि त्याच वर्षीं दिसून आलें. तरी माणसांसाठींच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. अखेर २०१५ सालीं कुपीच ३ मिलिलिटरची करावी लागली.