विधानपरिषद, महाराष्ट्र

महाराष्ट्राच्या द्विसदनी विधिमंडळाचे वरिष्ठ सभागृह. सदस्यसंख्या ७८. कनिष्ठ सभागृह म्हणजे विधानसभा (२८८ सदस्य). परिषद स्थायी असून ती विसर्जित होत नाही; सदस्याची मुदत सहा वर्षांची असते आणि दर दोन वर्षांनी सुमारे एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. पीठासीन अधिकारी सभापती. गणपूर्ती १०. भारतात महाराष्ट्राखेरीज उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश व तेलंगण या पाचच राज्यांत असे दुसरे सभागृह आहे.

पूर्वपीठिका : १८६१ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात कायदेमंडळ स्थापन झाले. त्याचे नावही ‘कौन्सिल’ असल्याने आजच्या परिषदेची परंपरा तेथवर नेली जाते. मात्र १९३७ पर्यंत ते इलाख्याचे एकमेव सभागृह होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा १९२३ चा ठराव त्याच सभागृहातला. तो वरिष्ठ सभागृहाच्या खात्यावर मांडता येत नाही. खरे द्विसदनी कामकाज १९३५ च्या कायद्यान्वये १९३७ मध्ये सुरू झाले. विधानसभा १७५ सदस्यांची, तर परिषद जेमतेम तीस सदस्यांची होती. विधानसभेचे अध्यक्ष ग. वा. मावळणकर, परिषदेचे मंगलदास पक्वासा.

दुसरे सभागृह हवे की नको, हे संविधान सभेत त्या त्या प्रांताच्या प्रतिनिधींवर सोपवले गेले. मुंबईने होकार दिला, मध्य प्रांत-वऱ्हाडने नकार. त्यामुळे विदर्भाला वरिष्ठ सभागृहाची ओळख झाली ती १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आल्यावर. हैदराबाद राज्यातून आलेल्या मराठवाड्याचेही तेच. १९६० मध्ये राज्य विभागले तेव्हा गुजरातने एकच सभागृह ठेवले, महाराष्ट्राने दोन्ही. परिषदेच्या जागा तेव्हा ७८ ठरल्या. पुढे विधानसभा २६४ वरून २८८ वर गेली तरी हा आकडा हललेला नाही.

रचना : विधानसभा सदस्यांकडून ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांतून २२, पदवीधर ७, शिक्षक ७ आणि राज्यपालनियुक्त १२. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार परिषद विधानसभेच्या एकतृतीयांशापेक्षा मोठी असू शकत नाही. म्हणजे कमाल मर्यादा ९६ ची आहे.

राज्यपालनियुक्तीसाठी वाङ्मय, विज्ञान, कला, समाजसेवा यांच्या जोडीला ‘सहकारी चळवळ’ हेही क्षेत्र घटनेत नमूद आहे. राज्यसभेच्या यादीत ते नाही. साखर कारखान्यांच्या या राज्यात या तरतुदीचा उपयोग राजकीय सोयीसाठी झाला नाही असे म्हणणे कठीण. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर हे कवी याच मार्गाने सभागृहात आले. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेली १२ नावांची यादी राज्यपालांकडे प्रदीर्घ काळ पडून राहिली. वाजवी मुदतीत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे, असे मत मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये नोंदवले, पण आदेश दिला नाही. २०२२ मध्ये सरकार बदलल्यावर यादी मागे घेतली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये ७ जागा भरल्या. या प्रकरणाच्या घटनात्मक बाजूविषयी मतभेद आहेत.

पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत मतदारनोंदणी स्वतंत्र असते आणि मतदान पसंतिक्रमाने होते. पुणे पदवीधर मतदारसंघातून आलेले ग. प्र. प्रधान अठरा वर्षे सदस्य होते. विरोधी पक्षनेतेपदही त्यांच्याकडे आले. स्थानिक संस्थांच्या जागा मात्र त्या संस्थांच्या निवडणुका लांबल्या की रिकाम्या पडतात, हे २०२२ नंतर दिसले.

परिषदेच्या जागांसाठी विधानसभा सदस्यांचे मतदान गुप्त असते. राज्यसभेसाठी २००३ पासून ते खुले आहे. हा तांत्रिक फरक महाराष्ट्राच्या राजकारणात निर्णायक ठरला आहे. २० जून २०२२ रोजी १० जागांसाठी ११ उमेदवार उभे होते. मते फुटली, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले आणि त्याच रात्री एकनाथ शिंदे समर्थक आमदारांसह सुरतेकडे गेले; सरकार बदलले ते त्यानंतर. जुलै २०२४ मध्ये अशाच निवडणुकीत शेतकरी कामगार पक्षाचे जयंत पाटील पराभूत झाले.

अधिकार : कायद्याच्या दृष्टीने दोन्ही सभागृहे समान नाहीत. धनविधेयक विधानसभेतच मांडले जाते. परिषदेने ते १४ दिवसांत शिफारशींसह परत करायचे, आणि शिफारशी बंधनकारक नसतात. अनुदानाच्या मागण्यांवर परिषद मतदान करत नाही. साधे विधेयक ती पहिल्या खेपेस तीन महिने आणि विधानसभेने पुन्हा संमत केल्यावर एक महिना अडवू शकते; त्यानंतर तिच्या संमतीविना ते मंजूर मानले जाते. उलट परिषदेत सुरू झालेले विधेयक विधानसभेने फेटाळले की संपते. संसदेतल्यासारखी संयुक्त बैठक राज्यांत नाही. १९३५ च्या कायद्यात ती होती, राज्यघटनेने वगळली. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असते. राष्ट्रपती आणि राज्यसभा यांच्या निवडणुकांत परिषद सदस्यांना मत नाही.

मंत्रिपदाचा मार्ग म्हणून मात्र परिषदेचा उपयोग मोठा आहे. पृथ्वीराज चव्हाण व उद्धव ठाकरे हे मुख्यमंत्री परिषदेचे सदस्य झाले. सदस्य नसताना पदावर राहण्याची ठाकरे यांची सहा महिन्यांची मुदत मे २०२० अखेर संपत होती आणि साथीमुळे निवडणूक पुढे ढकलली गेली होती. मुदतीआधी काही दिवस ते बिनविरोध निवडून आले.

सभापती : वि. स. पागे (१९१०–९०) १९६० पासून १९७८ पर्यंत सभापती होते. त्यांचे मोठे काम सभागृहाबाहेर उभे राहिले. मागेल त्याला काम देण्याची कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे ठेवली आणि १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात ही रोजगार हमी योजना राज्यभर पोहोचली. १९७५ चा व्यवसाय कर तिच्या खर्चासाठी बसवण्यात आला; पगारदारांच्या वेतनचिठ्ठीत तो आजही दिसतो. रोजगार हमी अधिनियम १९७७ मध्ये संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने गेला. सत्तेच्या दैनंदिन ओढाताणीपासून दूर असलेल्या आसनावरून असे काम होऊ शकते, हा परिषदेच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा होय.

नंतरचे सभापती : रा. सू. गवई, जयंतराव टिळक, ना. स. फरांदे, शिवाजीराव देशमुख (मार्च २०१५ मध्ये अविश्वास ठरावाने दूर), रामराजे नाईक निंबाळकर, राम शिंदे (डिसेंबर २०२४ पासून). २०२२ ते २०२४ या काळात सभापतिपद रिक्त होते. उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी कामकाज पाहिले.

परिषद रद्द करण्याचा प्रश्न : अनुच्छेद १६९ नुसार विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केल्यास संसद साध्या कायद्याने परिषद रद्द करू शकते. पश्चिम बंगाल, पंजाब आणि तमिळनाडू यांनी असे केले. आंध्रात १९८५ मध्ये रद्द झालेली परिषद २००७ मध्ये परत आली; ती पुन्हा रद्द करण्याचा २०२० चा ठराव २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

अधिवेशने : मुंबई, हिवाळी अधिवेशन नागपूर. नरीमन पॉइंट येथील विधानभवन १९८१ पासून.